त्रुटीसाहेबांच्या विमानाचा पंखा

विमान तयार होऊन चार महिने झाले होते आणि त्याला अजून पंखा नव्हता.

बिनपंख्याचं विमान कपाटावर ठेवता येतं, त्यावरची धूळ झटकता येते, आणि आल्यागेल्यांनी "अरे वा, तुम्ही केलंत?" असं विचारलं की "हो, सहजच" असं म्हणता येतं. त्रुटीसाहेबांच्या बायकोचं म्हणणं होतं की विमानापासून माणसाला मिळू शकणारं सगळं सुख यात आलं. आता ते उडवायचा हट्ट कशाला?

पण त्रुटीसाहेबांनी शब्द दिला होता. कुणी मागितला नव्हता, त्यांनी आपणहून दिला होता. इमारतीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीचा विषय चालू असताना ते उभे राहून म्हणाले होते, "येत्या दोन महिन्यांत माझं विमान उडणार आहे. सर्वांनी यावं." टाकी गळतच राहिली, पण विमानाची गोष्ट चारही मजल्यांनी लक्षात ठेवली. जिन्यात जो भेटेल तो विचारायचा, "काय साहेब, उड्डाण कधी?" त्या 'उड्डाण' शब्दावर जो जोर असायचा, तो त्रुटीसाहेबांना पायऱ्या संपेपर्यंत टोचत राहायचा.

त्रुटीसाहेब हे अर्थात त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. नळजोडाच्या अर्जांची पडताळणी करणाऱ्या कार्यालयात ते अठ्ठावीस वर्षं खुर्चीवर होते. या अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या हातून एकही अर्ज पहिल्या खेपेला पुढे सरकला नव्हता. सही चौकटीबाहेर गेली, त्रुटी. सही चौकटीत बसली पण चौकटीला चिकटली, त्रुटी. एकदा एका अर्जात काहीच सापडेना, तेव्हा 'अर्ज संशयास्पदरीत्या निर्दोष' असा शेरा मारून त्यांनी तो खुलाशासाठी परत पाठवला होता. दुसऱ्यांचं कुठे चुकलं हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. स्वतः काही निवडायची पाळी मात्र आयुष्यात फारशी आली नव्हती. आता पंखा निवडायची आली.

इंजिन मुठीत मावेल एवढं होतं, पण तोरा मोठा. कार्यालयातून निवृत्त झालेल्या एका सहकाऱ्यानं ते निरोपाच्या दिवशी त्यांच्या हातात ठेवलं आणि "माझ्या बायकोला सांगू नका" एवढं बोलून तो निघून गेला. सोबत एक पातळ पुस्तिका होती. ती कुठल्या भाषेत होती ते कुणालाच कळलं नाही, पण आकडे कळत होते. पहिल्याच पानावर पंख्याचं चित्र होतं आणि त्याखाली ठळक छापलं होतं : ८ × ४.

"मग आठ बाय चारचा आणा आणि मोकळे व्हा," बायको म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची. उत्तर मिळालं की त्याखाली दोन रेघा मारायच्या आणि पुढचं उदाहरण घ्यायचं, ही तिची रीत.

"असं पहिल्याच कागदावर विसंबून चालत नाही," त्रुटीसाहेब म्हणाले. "ती शिफारस आहे. आदेश नाही."

"आठ म्हणजे काय आणि चार म्हणजे काय?"

"आठ इंच लांबी. आणि चार म्हणजे, समज हा पंखा लोण्यातून फिरवला, तर एका फेरीत तो चार इंच पुढे जाईल."

"लोण्यातून कोण विमान उडवतं?"

"अगं, समज म्हटलं ना."

"मी वर्गात 'समजा' म्हणते तेव्हा पुढे काहीतरी सिद्ध होतं," असं म्हणून ती वह्या तपासायला बसली.

खोलीच्या कोपऱ्यात, खिडकीशेजारच्या आरामखुर्चीत, सासरे बसले होते. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते मुलीकडेच राहत होते. ओतशाळेत त्यांनी चाळीस वर्षं लाकडी साचे केले होते. ज्या यंत्राचा भाग लोखंडात ओतायचा, तो आधी ते लाकडात कोरायचे. केसाएवढा फरक त्यांना बोटाच्या पेरानं कळायचा. जावयाशी त्यांचं भांडण बिलकूल नव्हतं. भांडायला बोलावं लागतं. सकाळी "पेपर झाला का?" आणि संध्याकाळी "दिवा लावा" या दोन वाक्यांवर सासरे-जावई सुखानं एका छताखाली नांदत होते. विमान बांधलं जात असताना ते रोज बघायचे. पंखाला सांधा देताना त्रुटीसाहेबांचा हात चुकला की म्हातारे डोळे मिटून घ्यायचे, एखाद्याचा दात उपटताना बघवत नाही तसे. बोलायचे मात्र काहीच नाहीत. त्रुटीसाहेबांना हे डोळे मिटणं उघड टीकेपेक्षा जास्त लागायचं.

सल्ला द्यायला पहिल्यांदा आले ते वरच्या मजल्यावरचे बोटवाले. बोटवाले मालवाहू जहाजावर इंजिनियर होते. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी पाय फाकवूनच चालायचे, न जाणो जमीन हलली तर! पंख्याचा विषय निघालाय हे त्यांना वरून कसं कळलं देव जाणे. पण आले, आणि जेवणाच्या टेबलावरची मिठाची बाटली जहाज समजून बोलू लागले.

"साहेब, माझ्या जहाजाचा पंखा तुमच्या या खोलीएवढा होता. एका पात्यावर सहा माणसं झोपली असती."

"झोपली होती का?" बायकोनं वहीतून मान वर न करता विचारलं.

"झोपली असती म्हटलं. सांगायचा मुद्दा, पिच! दुसरा आकडा! तो मोठा घ्या. चार काय घेता? कमीत कमी नऊ घ्या. एका फेरीत नऊ इंच पुढे! इंजिनला काम द्या, त्याशिवाय त्याची सर्दी जात नाही."

"पण हे हवेत चालायचं आहे," त्रुटीसाहेब म्हणाले.

"हवा म्हणजे काय हो? पातळ पाणीच," बोटवाले म्हणाले, आणि मिठाची बाटली त्यांनी टेबलाच्या कडेला अशी काही लावली की ती खाली जाऊन फुटली.

पंखे दुरुस्त करणारा कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन निराळंच म्हणाला. त्याच्या मते दोन पात्यांवर कुणी विश्वास ठेवू नये, कुठलाही भला पंखा तीन पात्यांचाच असतो. आणि खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मला त्यातलं काही कळत नाही, पण मशीन जितकं लहान तितकं ते जोरात फिरतं, आणि जितकं जोरात फिरतं तितका पेशंट जास्त ओरडतो." नंतर पाहता सगळ्यांत खरा सल्ला हाच ठरला, पण तो देणाऱ्या बाईला त्यातलं कळत नव्हतं, म्हणून तो त्रुटीसाहेबांनी विचारात घेतला नाही.

शेवटी त्यांनी आपल्या पद्धतीनं निर्णय घेतला, म्हणजे घेतला नाही. परदेशातल्या एका दुकानातून तीन निरनिराळ्या मापांचे पंखे मागवले. आले की तुलना करू, तक्ता करू, आणि मग ठरवू.

पंखे आले. घरी मात्र आले नाहीत. घरी पत्र आलं : 'आपल्या नावे विमानाचे सुटे भाग प्राप्त झाले असून ते रोखून ठेवण्यात आले आहेत. आवश्यक कागदपत्रांसह समक्ष हजर राहावे.'

पार्सल कार्यालयात काउंटरपलीकडे एक बाई होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, लाल शाईचं पेन उजव्या हाताला, शिक्का डाव्या हाताला, शाईची गादी शिक्क्यापासून बरोबर चार बोटांवर. ती मांडणी बघून त्रुटीसाहेबांना क्षणभर आपल्या घरी आल्यासारखं वाटलं. ते पहिलं आणि शेवटचं समाधान.

"विमान कुठे उभं असतं?" बाईंनी विचारलं.

"कपाटावर."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "नोंदणी क्रमांक?"

"अहो बाई, ते मॉडेल आहे."

"कोणतं मॉडेल?"

"कोणतं म्हणजे? मॉडेल म्हणजे मॉडेल."

"प्रत्येक विमानाचं काहीतरी मॉडेल असतंच. तुमचं कोणतं?"

"माझं विमानच मॉडेल आहे. खोटं आहे. म्हणजे खरं आहे, पण लहान आहे."

"उडतं?"

इथे त्रुटीसाहेबांनी "नाही" म्हणायला हवं होतं. आजमितीला ते खरंही होतं. पण मानी माणूस. "उडणार!" ते म्हणाले.

"उडतं म्हणजे विमान. विमान असेल तर ते उडवण्यायोग्य असल्याचा दाखला लागेल."

"अहो, ते खेळणं आहे!"

"तसं आधी सांगायचं." बाईंनी दुसरा फॉर्म काढला. "खेळणं असेल तर सुरक्षिततेचा दाखला लागेल. पाकिटावर 'तीन वर्षांखालील मुलांनी गिळू नये' असं छापलंय का?"

"आठ इंची पंखा कोण गिळेल?"

"ते ठरवण्याचा अधिकार या टेबलाला नाही," बाई शांतपणे म्हणाल्या, आणि त्यांनी लाल पेन उचललं. त्रुटीसाहेब उलट्या बाजूनं वाचत होते. 'त्रुटी एक : वस्तू विमान आहे की खेळणे, याचा बोध होत नाही. त्रुटी दोन : अर्जदाराच्या तोंडी निवेदनात विसंगती. त्रुटी तीन : सही चौकटीबाहेर.'

सही खरंच चौकटीबाहेर गेली होती. 'र'चा शेपटा. त्रुटीसाहेबांना राग आला, पण त्यात थोडं कौतुकही मिसळलेलं होतं. इतकी स्वच्छ, गोलाईदार 'विसंगती' त्यांना स्वतःलाही कधी काढता आली नव्हती.

बाईंनी कागद पुढे सरकवला आणि नाव पुन्हा एकदा वाचलं. "तुम्ही नळजोडाच्या पडताळणीतले का?"

"हो," त्रुटीसाहेब जरा सावरून बसले. कार्यालयातल्या माणसाला कार्यालयातला माणूस समजून घेतो, असा त्यांचा अनुभव होता.

"माझ्या भावाचा अर्ज चौदा महिने होता तुमच्याकडे," बाई म्हणाल्या. "चौदा महिने तो शेजाऱ्यांकडून बादलीनं पाणी भरत होता. या तुम्ही, त्रुटी पूर्ण करून या. घाई नाही."

घरी येऊन त्रुटीसाहेबांनी बायकोला सगळं सांगितलं. भावाचं मात्र सांगितलं नाही. पण जेवताना ते बराच वेळ पाण्याच्या भांड्याकडे बघत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात त्यांनी सात अर्ज एकदम मंजूर केले, तेव्हा शिपायानं त्यांना बरं वाटत नाही का म्हणून विचारलं.

पार्सल राहिलं तिकडे. मग त्रुटीसाहेबांनी खेळण्यांच्या दुकानातल्या तळाच्या खोक्यातून एक जुना प्लास्टिकचा पंखा मिळवला. त्यावरचे आकडे पुसले गेले होते. दुकानदार म्हणाला, "साहेब, पंखा म्हणजे पंखा. फिरला की झालं." एवढा निष्काळजी सल्ला त्रुटीसाहेबांनी आयुष्यात कधी मानला नव्हता. तो मानला, कारण त्याच सकाळी जिन्यात बोटवाल्यांनी "उड्डाण कधी?" विचारून वर डोळा मारला होता.

रविवारी दुपारी बाल्कनीत इस्त्रीचं टेबल मांडलं गेलं. त्यावर विमान दोरीनं बांधलं. इंजिनच्या तेलात निम्मं स्पिरिट आणि बरंचसं एरंडेल असतं, ही माहिती त्रुटीसाहेबांनी घरात कुणाला दिली नव्हती. झाकण उघडताच ती सगळ्यांना आपोआप मिळाली. बायको नाकाला पदर लावून म्हणाली, "लहानपणी आई नाक दाबून पाजायची तो वास!" सासऱ्यांनी खुर्चीतल्या खुर्चीत तोंड फिरवलं.

असलं इंजिन सुरू करायचं म्हणजे पंख्याला बोटानं झटका द्यायचा. जाणकार लोक बोटाऐवजी काठी वापरतात. त्रुटीसाहेबांनी बोट वापरलं. साठ-सत्तर झटके इंजिननं अगदी सभ्यपणे सोसले. नंतर एकदाच उलटा झटका दिला. पात्याची धार तर्जनीवर बसली आणि त्रुटीसाहेब असा काही शब्द बोलले, जो गणिताच्या शिक्षिकेच्या घरात तोवर बोलला गेला नव्हता. बोटाला रुमाल गुंडाळून, तो हात उंच धरून त्यांनी दुसऱ्या हातानं इस्त्रीच्या वायरच्या टोकानं पुन्हा झटका दिला, आणि इंजिन सुरू झालं.

सुरू झालं म्हणजे कसं? हजार गांधीलमाश्या एका पत्र्याच्या डब्यात घालून डबा कानाला लावावा, तसं. चारही मजल्यांच्या बाल्कन्यांत माणसं आली. त्रुटीसाहेबांनी विजयी मुद्रेनं वर पाहिलं. म्हणूनच टेबल चालू लागलेलं त्यांना दिसलं नाही. विमान टेबलाला घट्ट बांधलं होतं, टेबल मात्र कशालाच बांधलेलं नव्हतं. इस्त्रीचं टेबल चार पायांवर थरथरत, मागून एरंडेलाची पिचकारी सोडत, कठड्याच्या दिशेनं निघालं.

"अहो, टेबल!" बायको ओरडली.

"मोठा पिच घ्या म्हटलं होतं!" वरून बोटवाले ओरडले.

पंखा कठड्यावर आपटला. एक पातं तिथेच राहिलं, दुसरं रस्त्यापलीकडच्या झाडात गेलं. इंजिननं एकदा किंकाळी फोडली आणि ते गप्प झालं. त्या शांततेत खालच्या बाल्कनीतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "माझे कोट!"

त्यांचे पांढरे सहा कोट वाळत होते. आता त्यांवर पिवळसर ठिपक्यांची नक्षी होती. बाई कोट हातात घेऊन वर आल्या, रागावण्यासाठी तोंड उघडलं, आणि रुमालातून ठिबकणारं बोट दिसलं. मग त्यांनी रागावणं आणि बोट शिवणं ही दोन्ही कामं एकाच वेळी केली. पेशंटला उत्तर देता येऊ नये अशा पद्धतीनं बोलायची सवय त्यांना धंद्यानं लावलीच होती. तीन टाके पडले. पुढे आठवडाभर त्यांचे पेशंट खुर्चीत बसले की विचारायचे, "बाई, एरंडेलाचा वास कुठून येतोय?" आणि दोघं तर घाबरून उठून गेले म्हणे.

सोमवारी फलकावर सूचना लागली : 'सदस्यांनी बाल्कनीत विमान चालवू नये.' सदस्य एकच असूनही अनेकवचन वापरलं होतं, एवढीच काय ती अब्रू राखली गेली.

त्यानंतरचे तीन दिवस घरात विमानाचा विषय निघाला नाही. त्रुटीसाहेब बोट उंच धरून कार्यालयात जायचे आणि बोट उंच धरून परत यायचे. चौथ्या दिवशी संध्याकाळी ते आले, तर सासरे खुर्चीत नव्हते. जेवणाच्या टेबलाशी उभे होते, काठीशिवाय, आणि समोर वर्तमानपत्रावर लाकडाच्या बारीक भुशाचा ढीग होता. त्यांची साच्यांची जुनी हत्यारपेटी उघडी होती. त्रुटीसाहेबांनी ती पेटी उघडलेली आजवर पाहिली नव्हती.

"हं," म्हणून सासऱ्यांनी हात पुढे केला. हातावर पंखा होता.

मधाच्या रंगाचं लाकूड, कुठे गाठ नाही. मध्यापासून टोकापर्यंत पातं असं वळत गेलं होतं, की कुठे वळायला लागलं ते डोळ्यांना सापडू नये. कडा पानासारख्या पातळ. त्रुटीसाहेबांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला, आणि मग, सवय कुठे जाते, खिशातून मोजपट्टी काढली.

"आठ इंच आणि एक रेघ," ते म्हणाले. "बाबा, हे प्रमाण माप नाही. आणि याचा पिच किती?"

"लागेल तेवढा," सासरे म्हणाले.

"नाही, म्हणजे आकडा काही... तो असा मोघम कसा ठेवता येईल? टोकाशी निराळा कोन आणि मध्याशी निराळा दिसतोय. याला एक काहीतरी..."

बायकोनं हातातली वही टेबलावर आपटली.

"अहो! तीन दिवस उभे आहेत बाबा! डॉक्टरांनी दहा मिनिटांपेक्षा जास्त उभं राहू नका म्हणून सांगितलंय. तुमचं विमान अपशकुन्यासारखं कपाटावर बसलंय ते त्यांना बघवेना, म्हणून उभे राहिले. आता त्यांच्याकडून काय अर्ज लिहून घेणार आहात? तीन प्रतींत?"

पंखा परत घ्यावा की नाही, अशा बेतानं सासऱ्यांचा हात अर्धा पुढे आला होता. त्या हाताला हलकासा कंप होता, आणि तो त्रुटीसाहेबांनी पहिल्यांदाच पाहिला. केसाएवढा फरक ओळखणाऱ्या माणसानं असा हात घेऊन हे पातं कसं उतरवलं असेल, हा प्रश्न त्यांच्या मनात आला आणि त्याचं उत्तर कुठल्याच रकान्यात बसेना.

त्यांनी मोजपट्टी खिशात घातली. बायकोच्या विणकामातली सुई पंख्याच्या मधल्या भोकात घातली आणि सुईची दोन्ही टोकं दोन पेल्यांवर टेकवली. पंखा आडवा राहिला. त्यांनी तो तिरका करून सोडला, तो तिरकाच राहिला. उभा केला, उभा राहिला. कुठलंच पातं खाली येईना. त्रुटीसाहेब गुडघे टेकून, डोळे पंख्याच्या रेषेत आणून, पाच मिनिटं बघत राहिले.

"काही नाही," शेवटी ते म्हणाले. "यात काही नाही, बाबा."

सासऱ्यांना मोठी दाद मिळाली ती इतकीच. त्यांनी ती मान हलवून स्वीकारली आणि आता बसायला हरकत नाही असं ठरवून ते बसले.

मैदानाची परवानगी मिळवताना काय झालं ते सांगत बसत नाही. उद्यान कार्यालयाच्या अर्जात 'उड्डाणाचा मार्ग : कोठून कोठे' असा रकाना होता आणि हे विमान उडतं गोल. दोन बारीक तारांच्या टोकाला ते बांधलेलं असतं, तारांची दुसरी टोकं एका मुठीला, ती मूठ हातात धरून माणसानं मधोमध उभं राहायचं आणि विमानाबरोबर स्वतःभोवती फिरत राहायचं. तेल संपेपर्यंत. मधे थांबायची सोय नाही. त्रुटीसाहेबांनी रकान्यात 'जेथून तेथे' असं लिहिलं, आणि उद्यान कार्यालयात भाऊ-बहीण कुणी अडलेलं नसल्यामुळे ते मंजूर झालं.

रविवारी सकाळी मैदानावर अख्खी इमारत आली. डॉक्टरीणबाई आल्या त्या साध्या कपड्यांत, खबरदारी म्हणून. बोटवाल्यांनी दुर्बीण आणली होती, विमान पन्नास फुटांवरच फिरणार होतं तरी. सासऱ्यांसाठी घडीची खुर्ची आणली. त्रुटीसाहेबांनी या वेळी काठीनं झटका दिला. तिसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं, आणि आवाज ऐकून सासऱ्यांनी मान जराशी तिरकी केली. बाल्कनीतली ती किंकाळी नव्हती, एक गोल, भरलेला सूर होता. बोटवाल्यांनी विमान धरून ठेवलं, त्रुटीसाहेब धावत मधोमध गेले, मूठ पकडली, हात वर केला. बोटवाल्यांनी सोडलं.

विमान गवतावरून दहा पावलं पळालं आणि वर उचललं गेलं. काहीही खळखळ न करता, पायरी चढावी तसं. टाळ्या पडल्या. पहिल्या फेरीत त्रुटीसाहेबांनी विमानाकडे पाहिलं. दुसऱ्या फेरीपासून ते लोकांकडे पाहू लागले. विमानाच्या मागून इमारतीतले चेहरे एकामागून एक सरकत होते, आणि प्रत्येक चेहऱ्यावर काय आहे हे त्यांना बघायचं होतं. सातव्या फेरीला चेहरे एकमेकांत मिसळले. दहाव्या फेरीला मैदान तिरकं झालं. बाराव्या फेरीला त्यांना कळलं की आपल्याला चक्कर आली आहे, विमानाची टाकी अजून निम्मी भरलेली आहे आणि सासऱ्यांच्या पंख्यामुळे इंजिन तेल अगदी बेतानं पितंय.

"क्षितिजाकडे बघा!" बोटवाले ओरडले. क्षितिजही फिरत होतं.

"दात आवळू नका!" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

"थांबवा ना ते!" बायको ओरडली.

"थांबत नाही!" त्रुटीसाहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज चारही दिशांना थोडाथोडा गेला.

विमान आता वरखाली हेलकावे खाऊ लागलं. एकदा ते गवताच्या इतकं जवळून गेलं की पुढच्या रांगेतली माणसं मागच्या रांगेत आली. तेवढ्यात खुर्ची मागे पडल्याचा आवाज झाला. सासरे उठले होते, आणि काठी टेकत सरळ मैदानाच्या मध्याकडे निघाले होते.

"बाबा! तारा!" बायको किंचाळली.

तारा वर्तुळभर फिरत होत्या. आत शिरायचं तर वाकून जायला हवं, आणि खुब्यामुळे सासऱ्यांना वाकता येत नव्हतं. त्यांनी वाकायचा विचारही केला नाही. काठी वर करून ते एवढंच म्हणाले, "वर घ्या!"

बायकोनंतर इतक्या हुकमी आवाजात त्रुटीसाहेबांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांना काही दिसत नव्हतं, जमीन कुठे आहे ते कळत नव्हतं, पण मनगट वर वळलं. विमान चढलं, तारा उंच झाल्या, आणि त्या तारांखालून म्हातारा ताठ मानेनं, एकेक पाऊल टाकत चालत आला. सबंध आयुष्यात त्रुटीसाहेबांनी डोळे मिटून केलेलं ते एकमेव काम, आणि ते बिनचूक झालं.

"सोडा," सासरे कानाशी म्हणाले. त्यांनी मुठीवर हात ठेवला. त्रुटीसाहेबांनी मूठ सोडली आणि तिथेच गवतावर बसले, मग आडवे झाले.

सासऱ्यांनी काठी टाकून दिली. लहान लहान पावलं टाकत ते जागच्या जागी फिरू लागले. त्यांची नजर विमानावरून एकदाही ढळली नाही. मागे कोण उभं आहे, कोण टाळ्या वाजवतंय, त्यांनी बघितलंच नाही, त्यामुळे त्यांना चक्करही आली नाही. मुठीला धरल्यावर हाताचा कंप कुठे गेला कुणास ठाऊक. चार फेऱ्या त्यांनी सरळ घेतल्या. मग विमान हळूच वर नेलं, हळूच खाली आणलं, आणि त्यांच्या तोंडावर जे आलं ते त्यांच्या मुलीनं बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. ती टाळ्या वाजवायची विसरली. वहीत कधी न मावलेल्या एखाद्या उत्तराकडे बघावं तशी बघत राहिली.

बऱ्याच वेळानं तेल संपलं. आवाज थांबला. विमान तरंगत उतरलं, गवताला टेकलं, आणि शेवटच्या क्षणी नाकावर पडलं. बोटवाले धावत जाऊन ते घेऊन आले. पंख्याच्या एका पात्याचं टोक मोडलं होतं.

"अरेरे!" बोटवाले म्हणाले. "म्हणून मी म्हणत होतो, मोठा पिच..."

सासऱ्यांनी पंखा हातात घेतला, मोडलेल्या टोकावरून पेर फिरवलं, आणि काठी जवळ नसल्यामुळे आधाराला काही न मिळून ते हळूहळू खाली, जावयाच्या शेजारी, गवतावर बसले.

"उद्या दुसरा करू," ते म्हणाले. "टोकाला जाड राहिला होता. थोडा उतरवू."

त्रुटीसाहेबांनी आडव्या स्थितीतच डोळे किलकिले केले. 'करू' हा शब्द त्यांच्या कानात विमानापेक्षा जास्त वेळ फिरत राहिला.

"किती उतरवायचा?" त्यांनी विचारलं.

"अर्धी रेघ. तुम्ही माप लिहून ठेवा. माझ्या लक्षात राहत नाही आता."

"दोन्ही पात्यांचं वेगवेगळं लिहू?"

"लिहा. आणि कोन तीन ठिकाणी मोजा. मी सांगतो कुठे ते."

लोक पांगू लागले. डॉक्टरीणबाईंनी दोघांच्या नाड्या पाहिल्या आणि त्या दवाखान्याला निघाल्या. बोटवाल्यांनी दुर्बीण म्यानात घातली. बायको घडीची खुर्ची काखेत मारून समोर येऊन उभी राहिली.

"चला आता घरी," ती म्हणाली.

"पाच मिनिटं," सासरे म्हणाले.

"दहा," त्रुटीसाहेब म्हणाले.

खुब्यामुळे सासऱ्यांना उठता येत नव्हतं आणि चक्करेमुळे जावयाला. दोघांपैकी एकालाही ते तिच्यासमोर कबूल करायचं नव्हतं. म्हणून दोघं तिथेच उन्हात, गवतावर, मोडका पंखा मधे ठेवून, पातं टोकाशी नेमकं किती पातळ असावं यावर बोलत बसले.